टँकरचा समुद्र

त्या दुष्काळी वर्षीच्या, म्हणजे २००३ च्या मे महिन्यात, सत्यशीला वसंताच्या टेम्पोतून पिंपळगाव रेणुकाईला उतरली. बदनापूरच्या शाळेत ती गाणं शिकवायची आणि सुटीत वसंताच्या ऑर्केस्ट्रात गायची. आज गावच्या धर्मराज शेटच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून ‘प्रेम आणि सागर’ असा कार्यक्रम होता. स्टेजपुढं खड्डा खणून, ताडपत्री अंथरून त्यात निळं पाणी भरलं होतं. वर थर्माकोलची होडी तरंगत होती.

“पाणी कुठून आणलं?” तिनं विचारलं.

“टँकर रिकामा केला. रंगबी टाकला,” धर्मराज म्हणाला. “बराबर समुद्र वाटून राह्यला का न्हाई?” आणि त्यानं गुटख्याची पिचकारी त्याच समुद्रात सोडली. तांबडा ओघळ होडीला जाऊन चिकटला. सत्यशीला तोंड फिरवून बाहेर आली.

मांडवाबाहेर बाया रिकामे हंडे घेऊन बसल्या होत्या. त्यांतली म्हातारी तुळजाबाई म्हणाली, “चार दिसानं आमचा टँकर आल्ता, बाई. इहिरीत सोडायच्या आधीच शेटनं इकडं वळवला.”

सत्यशीला तडक वसंताकडं गेली. “वसंताभाऊ, मी गाणार न्हाई.”

“सुपारी घेतली ताई आपण. दोन तासांचा तर प्रश्न हाय.”

“त्या घाणीकडं तोंड करून मला प्रेमाचं गाणं म्हणता येणार न्हाई.”

माईक चालूच होता. ती त्यावर म्हणाली, “ज्यांचा टँकर होता, त्यांनी हंडे घेऊन या.”

धर्मराज ओरडला, पण बाया उठल्याच. तुळजाबाईनं काठावर वाकून ओंजळ भरली, हुंगली आणि तशीच सोडून दिली. बोटं निळी झाली होती.

“शी! हे तर ढोरंबी पिणार न्हाईत,” ती म्हणाली. बाया तशाच माघारी फिरल्या. आपण यांना उगाच उठवलं, असं वाटून सत्यशीलाला स्वतःचीही किळस आली. तिनं पिशवी उचलली आणि भोकरदनची एसटी धरली.

कार्यक्रम व्हायचा तो झालाच. तिची गाणी वसंतानंच म्हटली. जूनमध्ये शाळा उघडल्यावर तो तिथं आला. “शेट बिलकुल खूश हाय. दिवाळीला परत बोलावलंय. चलशील?”

“तुम्हीच जा,” ती म्हणाली आणि पोरींना सरगम म्हणायला लावली.