वहीतला चहा

"केस विंचरणं, एक ते तीन मिनिटं. अंगभर आंघोळ, वीस ते पंचवीस," बेव्हरली ॲक्रॉइडने जर्मनमध्ये धडाधड म्हणून टाकलं. "हा जर्मनीतल्या म्हाताऱ्यांच्या देखभालीचा जुना कायदा. आता ते मिनिटं मोजत नाहीत. माणसाला स्वतःचं काय काय करता येतं, ते बघतात."

टेबलावर रेकॉर्डर चालू होता. समोर चार वर्षं तिला जर्मन शिकवणाऱ्या लूडर्सबाई, आणि त्यांच्या शेजारी दुसऱ्या विद्यापीठातून आलेले परीक्षक केस्टनर. शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा, वीस मिनिटांची. एवढी पार पडली की बावन्नाव्या वर्षी बेव्हरली पदवीधर होणार होती. विषयाचं नाव सांगतानाच समोरच्याला जांभई यायची: युरोपातली समाजकल्याण धोरणं, जोडीला जर्मन. तिचा भाऊ कीथ तर म्हणाला होता, "अगं बाई, या वयात? त्यापेक्षा विणकाम शीक, मला एखादा स्वेटर तरी होईल!"

बावीस वर्षं ती इंग्लंडातल्या हडर्सफील्डचे चढ चढून घरोघरी म्हाताऱ्यांचं करायला जायची. पाच वर्षांपूर्वी ते एकदम सोडलं. "गुडघे गेले," असं तिने सगळ्यांना सांगितलं, आणि सगळ्यांना ते पटलं. गुडघ्यांचं काय, ते बिचारे ठणठणीत होते.

"तुम्ही स्वतः हे काम केलंय ना?" केस्टनरांनी हसून विचारलं. माणूस भला होता, तिला सोपं जावं म्हणूनच विचारत होता. "एका भेटीला किती वेळ मिळायचा?"

"पंधरा मिनिटं."

"एखादं उदाहरण सांगा."

उदाहरण तर तिने घोकून आणलं होतं. पायमोजे चढवायला नकार देणाऱ्या एका आजीचं, हसवणारं. पण तोंड उघडलं आणि बाहेर भलतंच नाव आलं.

"मिस्टर ऑर्मरॉड. एक्क्याण्णव वर्षांचे. डिसेंबर होता, संध्याकाळची भेट. मी त्यांना स्वच्छ केलं. गोळ्या दिल्या. ते म्हणाले, चहा कर ना पोरी. मी किटली लावली. मग घड्याळ पाहिलं. वेळ संपली होती. मी म्हटलं, उद्या. आणि निघाले."

"मग?"

"सकाळी ते मेलेले होते. खुर्चीत."

स्वतःचाच आवाज ऐकून बेव्हरली हादरली. हे मी बोलले? घरच्या भाषेत हे तिच्या तोंडून मरेपर्यंत निघालं नसतं. तिथे बोलायच्या रीती ठरलेल्या. "शांतपणे गेले हो, झोपेतच." "काही म्हणजे काही त्रास झाला नाही, बरं का." तिथे खोटंसुद्धा मायेने बोलता येतं. जर्मन तिला आली ती कायद्याच्या पुस्तकांतून आणि शिकताना जर्मनीत, कासेलच्या वृद्धाश्रमात काढलेल्या एका वर्षातून. त्या भाषेतले गोडगोड शब्द तिच्याजवळ नव्हतेच. होते ते सगळे सरळ.

"पण अशा भेटीची नोंद होत असेल ना?" केस्टनरांना अजून हे उदाहरणच वाटत होतं.

"हो. वही असते. स्वयंपाकघरात." गप्प बस बये, असं ती स्वतःला बजावत होती आणि तोंड आपलं चालूच. "मी वहीत आधीच लिहून टाकलं होतं. आल्या आल्या. 'चहा दिला. मजेत आहेत.' आम्ही सगळ्याच आधी लिहायचो. वेळ वाचतो."

बेव्हरली थांबली नाही.

"त्यांच्या मुलीने, पॉलीनने, ती वही वाचली. अंत्यविधीला माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, शेवटचा चहा तरी तुमच्या हातचा मिळाला बाबांना. दर नाताळला तिचं कार्ड येतं. पाच कार्डं आली. पाचही वेळा तिने तेच लिहिलंय."

केस्टनरांचं पेन कागदावर तसंच टेकलेलं राहिलं. चेहरा पांढराफटक. अर्धं मिनिट उशिरा आलं तरी दारातून परत पाठवणाऱ्या लूडर्सबाई तोंडावर हात ठेवून बसल्या होत्या. तेरा मिनिटंच झाली होती. त्यांनी रेकॉर्डर बंद केला.

"मला... मला आणखी काही विचारायचं नाही," केस्टनर पुटपुटले.

"नापास का मी?" बेव्हरलीने आपल्या भाषेत विचारलं.

"वेडी आहेस का?" लूडर्सबाई उठल्या. "चल माझ्याबरोबर."

शिक्षकांच्या खोलीत त्यांनी चहा केला. जर्मन बाईच्या हातचा तो, दूध थेंबभर. कपाचा कान धरून बेव्हरली उभीच राहिली, अंगात कोट, खांद्याला पिशवी. कामावर बावीस वर्षं ती असाच, उभ्याउभ्या चहा प्यायली होती.

"बस."

"बाई, बाहेर पुढची मुलगी खोळंबलीय. तुमचं वेळापत्रक..."

"खोळंबू दे."

बेव्हरली बसली आणि तिला रडू कोसळलं. "पॉलीनला कळलं तर तिचं काय होईल हो? बापाचं शेवटचं म्हणून तिच्याजवळ तेवढंच आहे. तो एक चहा. आणि तोही मी खोटा लिहिलेला!"

"मला नाही सांगता येणार काय करावं ते," लूडर्सबाई म्हणाल्या. "मी बाई, भाषा शिकवते."

बऱ्याच वेळाने बेव्हरलीने नाक पुसलं आणि कागद मागितला. बाईंनी परीक्षेची एक कोरी उत्तरपत्रिका पुढे केली. बेव्हरलीने आधी जर्मनमध्ये तीन वाक्यं लिहिली. मग त्यांच्याखाली, एकेका शब्दावर बोट ठेवून, ती आपल्या भाषेत उतरवू लागली. "पॉलीन, राणी" असं सवयीने लिहिलं गेलं, त्यातलं "राणी" तिने खोडलं.

"पॉलीन, तुमच्या वडिलांनी त्या दिवशी चहा मागितला होता. मी दिला नाही. वहीत खोटं लिहिलं."

कप तसाच भरलेला, निवून गेलेला. लूडर्सबाईंनी तो उचलला, मोरीत ओतला आणि किटली पुन्हा लावली.