भादव्यातलं पांढरं

सगुणाच्या बापसाला डोंगर चढायचं खूळ लागलं ते भादव्यात, गणपती पाण्यात गेल्यावर. पावसाळाभर मिठागर बंद, म्हणून आम्ही दोघं नवरा-बायको चार दिवस लेकीकडे, सगुणाकडे, दिवा गावात राहायला गेलेलो. तिथनं डोंगर जवळ. मी म्हटलं, "साठीला आलात, आता शिंगं मोडून वासरांत शिरताय का?"

पण मला ठाऊक होतं. तीस वर्षं भर उन्हात मिठाकडे बघून बघून त्यांचे डोळे गेले. आता उजेड नि सावली, तेवढंच कळायचं. ठाण्याचे डॉक्टर म्हणालेले, दिवाळीपर्यंत तेही जाईल. "आगरात वाकूनच जन्म गेला," ते म्हणाले. "सगळं आगर एकदम कधी दिसलंच नाय. एकदा वरून बघू दे."

निघालो. वाट कसली, नुसतं कमरेएवढं गवत. मी पुढं, माझा पदर त्यांच्या मुठीत. "दगड", "खड्डा", "चिखल" ओरडून माझा घसा बसला. मध्येच ते घसरले, गुडघा फुटला, तर हसायला लागले. मला असला राग आला. म्हटलं, हसा, घरी गेल्यावर लेक मलाच बोलेल.

वर माळ लागला. झाड नाय, झुडूप नाय, गवत आणि वारा. मी खाली बघितलं. सगळं धुक्यात बुडालेलं. खाडी नाय, आगर नाय, काय नाय.

ते समोर तोंड करून उभे. "बायजे, सगळं पांढरं दिसतंय. काय हाय गं ते?"

त्यांचा चेहरा बघून माझ्याच्यानं खरं बोलवेना. "आपलं आगर. मिठाच्या राशी कशा चमकतायत."

त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. मग हळूच म्हणाले, "भादव्यात?"

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. पाऊस लागायच्या आत राशी गवतानं शाकारायच्या, नायतर मीठ विरघळून जातं. वीस वर्षं ते गवत मीच डोक्यावरनं वाहिलेलं. भादव्यात पांढरं मीठ दिसणार कुठनं?

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलले," मी म्हटलं.

"दिवाळीनंतर तू सांगशील तेवढंच मला दिसणार, बायजे. तू खोटं सांगितलंस, तर मी खरा आंधळा."

मला रडूच कोसळलं. "धुकं हाय हो. मलाही काय दिसत नाय."

"मग बस. विरेपर्यंत थांबू."

तासाभरानं धुकं फाटलं. मी डोळे पुसले नि सांगायला लागले. खाडीचं पाणी गढूळ हाय. राशींवरचं गवत भिजून काळं पडलंय. एकीवरचं गवत उडालंय, ती विरघळून खाली बसलीय.

"कितवी?"

सांगावंसं वाटेना. "बांधापासनं तिसरी."

"ती माझ्या हातची," ते म्हणाले, आणि पदर सोडून माझा हात धरला. "पुढं सांग."