उलटा बसलेला हब

"पहिला गिअर लोण्यासारखा पडला पाहिजे," दंतवैद्य म्हणाला, "आणि वर पाचवाही हवा."

मिस्त्रीने मान वर केली नाही. "डबल क्लच शिका, दोनदा क्लच दाबून गिअर टाका, आहे तोच लोण्यासारखा पडेल. तुमच्या वडिलांच्या हातून पडायचा."

"तेवढा वेळ कुणाला आहे हो?"

"खरंय. दिवसभर लोकांचे दात बघायचे. गिअरच्या दात्यांकडे बघायला कुठली सवड!"

दंतवैद्य मनापासून हसला. ज्याला अपमान कळत नाही, त्याचा अपमान करणे म्हणजे श्रमाचा अपव्यय. मिस्त्री पुन्हा गिअरबॉक्सच्या पेटीकडे वळला. लांब नाकाची ती दोन आसनी स्पोर्ट्‌स कार अठ्ठावीस वर्षे आच्छादनाखाली उभी होती. वडील वारल्यावर ती या मुलाच्या वाट्याला आली आणि त्याने खोकेबंद, पाच गिअरांचा नवा संच मागवला. जुन्या गिअरबॉक्सचे कवच तेवढे ठेवायचे, आतले सारे भंगारात टाकायचे.

मिस्त्रीला बहुतेक माणसांबद्दल तुच्छता वाटे आणि ती तो हत्यारांप्रमाणे घासूनपुसून, जागच्या जागी ठेवी. सुटे भाग बदलण्यालाच दुरुस्ती म्हणणारे कारागीर एका खणात, दंतवैद्यासारखे मालक दुसऱ्यात. सर्वांत वरचा खण धाकट्या भावाचा.

निमित्त हीच गाडी होती, अठ्ठावीस वर्षांपूर्वीचे. तिचा गिअरबॉक्स याच वर्कशॉपमध्ये दोघा भावांनी नव्याने बांधला. धाकट्याने ती चाचणीसाठी बाहेर काढली. उतारावर तिसरा गिअर निसटला आणि गाडी कठड्यावर आदळली. "गिअर आपोआप सुटला, अण्णा," तो वडिलांना परोपरीने सांगत राहिला.

"आपोआप दूध नासतं. गिअर सुटत नाही," अण्णा म्हणाले आणि त्याला त्याच दिवशी कामावरून काढले. पेटी उघडून पाहण्याची गरज कुणालाच वाटली नाही. गाडी मालकाने तशीच ओढून नेली आणि झाकून ठेवली. धाकटा गावाच्या दुसऱ्या टोकाला पाण्याचे पंप दुरुस्त करू लागला. आई गेली त्या दिवशी आला, तो दारातूनच परतला. कुणी त्याची चौकशी केली की मिस्त्री म्हणे, "बरं चाललंय त्याचं. पंपाला गिअर नसतात ना!"

आता त्याने मेनशाफ्ट, म्हणजे गिअर ज्यावर बसतात तो मुख्य दांडा, बाहेर काढून व्हाइसच्या जबड्यात धरला. तिसऱ्या आणि चौथ्या गिअरच्या मध्ये जो हब, म्हणजे गिअर शाफ्टला अडकवणारी कडी, असतो, त्याचा एक काठ उंच असतो. तो पुढे यावा लागतो. मागे आला तर तिसरा गिअर अर्धाच अडकतो आणि उतारावर सुटतो.

काठ मागे होता.

आपणच उलट्या बाजूने पाहत असू, म्हणून मिस्त्रीने शाफ्ट फिरवून पुन्हा धरला. काठ मागेच होता. त्याच्यालगत पंचने ठोकलेले तीन ठिपके होते. ती मिस्त्रीची खूण, आणि ती तो बसवण्याआधी नेहमी पुढच्या अंगाला करी. मेनशाफ्ट बांधण्याचा मान थोरल्याचा. त्या कामाला धाकट्याला त्याने कधी बोटही लावू दिले नव्हते.

"काय झालं? जाऊ द्या, भंगारच आहे ते," दंतवैद्य म्हणाला.

मूर्ख माणूस कधीकधी अचूक सल्ला देतो. भंगाराचे पिंप हाताच्या अंतरावर होते. हब त्यात पडला की धाकट्याच्या बाजूने बोलणारे जगात काहीही उरणार नव्हते, आणि मिस्त्रीला आपली तुच्छता मरेपर्यंत नीट, जागच्या जागी ठेवता आली असती. शाफ्टवरून हब काढून तो पिंपापाशी उभा राहिला. वरच्या खणात इतकी वर्षे चुकीचा माणूस ठेवला होता.

अण्णा दाराशी खुर्चीत बसले होते. वय अठ्ठ्याऐंशी; कान गेलेले, जीभ शाबूत.

"अण्णा, हब उलटा होता."

"काय?"

"हब! उलटा बसवला होता!"

"मग! धाकट्याच्या हातात कधी काही —"

"त्याने नाही!" मिस्त्री ओरडला. समोरच्या शिंप्याने शिलाई यंत्र थांबवले. "मी बसवला होता! चूक माझी होती! माझी!"

हळू आवाजात कबुली देण्याची चैन बहिऱ्यापुढे परवडत नाही. अर्ध्या रस्त्याने ते ऐकले.

अण्णांनी हब हातात घेतला. काठावरून बोट फिरवले. मग ठिपके चाचपले, एकेक करून.

"तीन," ते म्हणाले.

त्यांनी हब पालथा करून पाहिला.

"पोरगं सांगत होतं. तेव्हा तर मला ऐकू येत होतं."

अण्णांनी पाय खुर्चीखालून पुढे घेतले.

"बूट दे माझे."

मिस्त्रीने बूट आणले आणि नाडी बांधायला तो गुडघ्यांवर बसला. अण्णांनी पाय मागे घेतला. स्वतःच वाकले. बोटांतून नाडी दोनदा सुटली. दोन्हीदा त्यांनी ती पहिल्यापासून बांधली.

"मी सोडतो ना, माझी दुसरी गाडी बाहेरच आहे," दंतवैद्य उत्साहाने म्हणाला. अण्णांना ते ऐकू गेले नाही.

हब त्यांनी कोटाच्या खिशात घातला. त्याच्या भाराने कोट एका बाजूला ओढला गेला. भिंतीचा आधार घेत ते गावाच्या दुसऱ्या टोकाच्या रस्त्याला लागले. मिस्त्री मागोमाग निघाला, तेव्हा त्यांनी वळून न पाहता तळहात मागे केला.

मिस्त्री होता तिथेच थांबला.