दिल्लीचा प्रसाद

एशियाड झालं त्या हिवाळ्यात समुद्रपूरच्या आनंदाबाई दिल्लीला जाऊन आल्या आणि संध्याकाळी अंगणात बायका जमल्या. दिल्ली ऐकायला, असं म्हणायचं. खरं तर जवळच्या गिरडच्या टेकडीवर दर्ग्याला जाऊन आलेली बाईसुद्धा पदराच्या गाठीत साऱ्या आळीला पुरेल एवढा प्रसाद आणते. मग दिल्लीवालीनं काय आणलं ते पाहायला.

ओसरीत कापसाच्या ढिगाला टेकून त्यांचा मुलगा श्रीधर बसला होता. दिल्लीत सरकारी कचेरीत कारकून. आईला पोचवायला आला होता, आणि ती आता काय काय सांगेल या धास्तीनं दुपारी अर्ध्या ताटावरून उठला होता. बायका म्हणाल्या, प्रवासानं थकला पोरगा.

आनंदाबाईंनी आधी ठळक ठळक दिल्ली सांगितली. कुतुबमिनार पाहताना मान अवघडली. लाल किल्ला लाल आहे, पण आत राजा नाही. एशियाडसाठी रस्त्याच्या डोक्यावर दुसरा रस्ता चढवलाय. इंडिया गेटला दारं कुठं आहेत ते शेवटपर्यंत सापडलं नाही. बायका हसल्या. श्रीधरही हसला, जरा जास्तच.

मग त्या नाताळावर आल्या. तिकडे त्याला बडा दिन म्हणतात. घराघरावर कागदाच्या चांदण्या, पोटात दिवा लावलेल्या. गोल डाकखान्याजवळ मोठं चर्च, मेणबत्त्यांनी उजळलेलं. त्यांनी दाराशी चपला काढल्या, तर तिथं त्यांचाच एक जोड. आत गोठा मांडलेला, गव्हाणीत लेकरू. गाय चांगली होती म्हणाल्या, दुधाची वाटत होती.

"अन् प्रसाद?" पलीकडच्या देवकाबाईंनी विचारलं. देवकाबाई जिथं दुखतं तिथंच बोट ठेवणार, तेही सहज. "का दिल्लीचा देव हात हालवतच पाठवते?"

श्रीधरनं मान खाली घातली. पुढचं त्याला पाठ होतं. त्याच्या ख्रिस्ती साहेबांनी त्याला चर्चमध्ये बोलावलं होतं, आणि आईला घरी कोणाजवळ ठेवणार म्हणून त्यानं सोबत नेलं होतं. लोक रांगेनं पुढे गेले तशी आईही गेली. तीर्थाला करतात तसा उजव्या हाताखाली डावा धरला. पाद्रीबाबांनी त्यावर पांढरी, पापडासारखी पातळ चकती ठेवली. ती ज्यांचा तो धर्म त्यांनीच घ्यायची आणि तिथल्या तिथं तोंडात घालायची. आईला प्रसाद एकटीनं खायची सवय नाही. तिनं ती पदराच्या टोकाला बांधली, चुरा करून आळीत वाटू म्हणून. तिला हे आधी सांगायचं काम श्रीधरचं होतं. तो साहेबांपुढे हात बांधून उभा होता.

व्यवस्था पाहणारा एक म्हातारा धावत आला. रागावला नाही. चकती परत द्या म्हणाला, आणि गाठ सुटेना तेव्हा आजूबाजूला पाहून विचारलं, "ये माताजी किसके साथ हैं?" साहेबांनी श्रीधरकडे पाहिलं. श्रीधर म्हणाला, "पता नहीं," आणि रंगीत काचेच्या खिडकीकडे पाहत राहिला. आईनं दातांनी गाठ सोडवली.

नंतर तो बसस्टॉपवर जाऊन थांबला. आई आली, शेजारी बसली, थंडी लय आहे एवढंच बोलली. तिला ऐकू गेलं नसेल, किंवा हिंदी कळलं नसेल, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं. वर्धा जिल्ह्यात हिंदी न कळणारी बाई शोधून काढावी लागते, पण ज्याच्या सोयीचं जे असतं ते तो मानतो.

इकडे अंगणात आनंदाबाईंनी गाठीपर्यंतची सारी गंमत स्वतःवरच ओढून घेऊन सांगितली, दातांनी गाठ कशी सोडवली ते पदर धरून दाखवलं. बायकांची हसून पुरेवाट झाली.

"अन् श्रीधर काय करत होता?" देवकाबाई म्हणाल्या. "त्यानं काऊन नाई सांगितलं?"

"तो नव्हता वं. त्याले हाफिसचं काम. मी एकलीच गेलती."

"मंग कोणाची बाई होय म्हणून इचारलं असंल त्या म्हाताऱ्यानं."

"इचारलं ना."

"मंग?"

"कोणाचीच नाई, असं झालं." आनंदाबाईंनी पदर नीट केला. "मंग देल्ला प्रसाद वापस."

देवकाबाई ओसरीकडे वळल्या. आईला असं परमुलखात एकटं सोडतात का रे, म्हणाल्या. श्रीधरनं तोंड उघडलं. सांगायचं ते जिभेपर्यंत आलं होतं.

"काम होतं, काकू," तो म्हणाला.

आई उठून चुलीकडे गेली.

सकाळी स्टँडवर तिनं त्याच्या हातात तिळाच्या लाडवांचं गाठोडं दिलं. अर्धे साहेबांकडे दे म्हणाली, भले माणूस आहेत. आणि मग, टोमणा नाही, राग नाही, वाटेतलं खाणं सांगावं तसं म्हणाली, "कोणं देल्ले म्हणून इचारलं त सांगजो, गावच्या एका बाईनं देल्ले."

श्रीधर पाया पडायला वाकला तो लवकर उठेचना. बस लागली होती. कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घालून विचारलं, "माय होय का?"

"हो," श्रीधर मोठ्यानं म्हणाला. "माझी माय."

स्टँडवर कोणी मान वर करूनही पाहिलं नाही. समुद्रपुरात ते सगळ्यांनाच माहीत होतं.