मुके ब्रेक

त्या डोंगरी खाणगावात चर्चच्या पटांगणातून पिकअप गाड्यांची रांग थेट घाटापर्यंत गेली होती. चर्चचा उपदेशक ब्रदर ओरिन एकेका चाकापाशी गुडघे टेकी, डोळे मिटून पुटपुटे आणि तेलाने माखलेला हात चाकाच्या आत घाली. मालकाने गाडी पुढे नेऊन ब्रेक दाबला की महिनोन्‌महिने किंचाळणारं चाक मुकं. बाया डोळे पुसत, बाप्ये टोप्या काढत.

राज्याने गाड्यांची वार्षिक तपासणी नुकतीच रद्द केली होती. सरकारचा शिक्का गेला, आता देवाचा घ्या, असं ब्रदर सांगे. देवाच्या दारी खेपा नाहीत, ताटकळणं नाही, असंही सांगे. लोक हे उन्हात ताटकळत ऐकत.

वर्ना मॅब्री गावच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिला हे पटत नव्हतं. पण खाण बंद पडल्यापासून नवऱ्याचं, डेल्बर्टचं, काहीच धड झालं नव्हतं. ब्रदरच्या हाताने आपली गाडी तरी नीट झाली, याचंच त्याला अप्रूप.

दुसऱ्याच दिवशी घाट उतरताना त्याने ब्रेक दाबला आणि गाडी थांबेना. त्याने ती डोंगराला घासत नेली म्हणून दरी चुकली, पण डावा हात चिरडला. इस्पितळात तो वर्नाला एवढंच म्हणाला, "माझीच श्रद्धा कमी पडली गं."

ते ऐकून तिला आणखी एक गाडी आठवली. रविवारी चर्चमध्ये गाणाऱ्या मुलांची बस त्याच घाटाने उतरणार होती, आणि त्या बसच्याही चाकांत ब्रदरचा हात फिरला होता.

रविवारी ती चर्चपाशी पोचली तेव्हा मुलं बसमध्ये चढत होती. तिने पुढच्या चाकाच्या फटीत रुमाल घालून आतली लोखंडी तबकडी पुसली. रुमाल काळा, तेलकट निघाला.

"हे काय, ब्रदर?"

"देवाचं तेल, सिस्टर."

"देवाचं असलं तरी तेलच ना? ब्रेकचा पॅड झिजला की पत्र्याची एक जीभ तबकडीला घासून ओरडते. आपण सावध व्हावं म्हणूनच ती बसवलेली असते. तेलाने ती गप्प होते, आणि ब्रेकची पकडही सुटते. तुम्ही रोग बरा नाही केलात, रोग्याचं तोंड दाबलंत."

डेल्बर्टच्या मनात शंका होती, असं ब्रदर शांतपणे म्हणाला. गर्दीतून माना डोलल्या.

"तुमच्या मनात नाही ना? मग रिकामी बस तुम्हीच खाली न्या."

बसच्या ड्रायव्हरने किल्ल्या पुढे केल्या.  ब्रदरचा हात काही पुढे आला नाही.

आयांनी मुलं उतरवून घेतली. पण रांगेतल्या कितीतरी गाड्या तशाच निघाल्या. वर्ना घाटाच्या तोंडाशी उभी राहून एकेकाच्या विनवण्या करत होती. काही थांबले. बाकीच्यांनी काचा वर केल्या आणि गाड्या आवाज न करता उताराला लागल्या.

ज्याला तपासणी सरकारी जाच वाटते, त्याने खुशाल वाद घालावा. पण गाडी थांबते ती पॅडने, प्रार्थनेने नव्हे, आणि पॅड उरलाय की नाही हे कुणीतरी डोळ्यांनी पाहावंच लागतं. आपला जीव कशावर सोडायचा, हे ज्याने त्याने ठरवावं. वळणावर समोरून येणाऱ्याला मात्र कुणीच विचारलेलं नसतं.