बाशा नापास

अबू मुतैरच्या मेंढ्याचं नाव बाशा. त्याचं शेपूट एवढं रुंद, की चहाची किटली आणि भोवती पेले मांडले तरी एकही कलंडत नसे. हे मी ऐकीव सांगत नाही, त्यातला एक पेला माझा होता. आमच्याकडे मेंढा पारखतात तो मागून. पुढून सगळे सारखेच, सगळ्यांच्या तोंडावर तोच गोंधळ. मागचं चरबीचं शेपूट मात्र जेवढं डुलेल, तेवढी मालकाची मान ताठ.

अबू मुतैरच्या थोरल्या पोराचं, मुतैरचं, लग्न अबू नुवैरानच्या शमाशी ठरलं, तेव्हा मुलीच्या बापाने सोनं मागितलं नाही, की गालिचे मागितले नाहीत.

"गुरुवारी नवरीला न्यायला याल तेव्हा बाशा माझ्या दारात बांधलेला पाहिजे," तो म्हणाला. "बाशा नाही, तर शमा नाही."

अबू मुतैर हो म्हणाला. पोरावर त्याचा जीव होता. पण हो म्हणताना तो बघत होता मेंढ्याकडे.

आता आमच्या वस्तीला लागून सरकारचा क्वारंटाईनचा तळ आहे. अकाबाच्या बंदरात ऑस्ट्रेलियाची बोट लागली की मेंढ्या तिथे आणून ठेवतात, तपासतात आणि मग बाजारात सोडतात. चांगल्या धट्ट्याकट्ट्या मेंढ्या, पण मागे बघावं तर दोरीचा तुकडा लोंबतोय. त्या सोमवारी वारा तळाकडून वस्तीकडे वाहत होता. बाशाने नाक वर केलं, ओठ मुरडला आणि दोन पुरुष उंचीचं कुंपण ओलांडून तो पाहुण्या मेंढ्यांमध्ये जाऊन उभा राहिला. एवढ्या शेपटासकट उडी मारली कशी, असं लोक विचारतात. मी बघितलंय. त्याने आधी शेपूट पलीकडे भिरकावलं, मग त्याच्या वजनाने बाकीचा बाशा आपोआप गेला.

तळावरचे जनावरांचे डॉक्टर वजदी हे लांब उत्तरेकडच्या इर्बिद शहरातले. रोमानियात शिकून आलेले, सज्जन माणूस, पण नियमाला चिकटून. अबू मुतैर धावत फाटकावर गेला, त्याच्यामागे मी.

"डॉक्टर, आमचा मेंढा चुकून तुमच्यात आलाय. तेवढा द्या, निघतो आम्ही."

"कुंपणाच्या आत जे आहे ते सगळं आयात माल आहे," डॉक्टर म्हणाले.

"अहो, हा कसला आयात? याची आई माझ्या तंबूमागे व्यायली!"

"दाखला आहे?"

"व्यायल्याचा?"

"मूळ देशाचा आरोग्य दाखला."

"मूळ देश हाच की!"

"मग या देशाने या देशाला मेंढा निर्यात केला, असा दाखला आणा. नाहीतर एकवीस दिवस इथे राहील. मग बघू."

"गुरुवारी लग्न आहे हो!"

"मेंढ्याचं?" डॉक्टरांनी विचारलं. ते थट्टा करत नव्हते. त्यांना फॉर्मवर लिहायचं होतं.

अबू मुतैर घरी आला तर बायको तंबूच्या दारातच उभी. "पोराचं लग्न मेंढ्याच्या शेपटाला बांधलंत," उम्म मुतैर, म्हणजे मुतैरची आई, म्हणाली, "आता शेपूट गेलं सरकारजमा. पोरगं काय तुमच्याशी संसार करणार आहे?"

शेवटी वस्तीतल्या थोरांनी ठरवलं, की मुलगी मागायला जातात तसं सगळ्यांनी मिळून डॉक्टरांकडे जायचं आणि बाशाला मागायचं. पुढे शेख हुवैमल, मागे आम्ही. अबू नुवैरानही आला. त्याचाही जीव त्या कुंपणात अडकला होता.

फाटकावर आम्हाला पांढरे प्लास्टिकचे अंगरखे चढवले. डोक्याच्या रुमालांवर प्लास्टिकच्या टोप्या बसवल्या. मग औषधाच्या पाण्यात पाय बुडवायला लावले. आमच्यातल्या काहींचे पाय ईदनंतर पहिल्यांदाच एवढे उजळले. असे फुगलेले, चरचरत, आम्ही कचेरीत ओळीने बसलो. डॉक्टरांनी रीतीप्रमाणे कडू कॉफी दिली. शेख हुवैमलने कप घेतला आणि न पिता समोर जमिनीवर ठेवला. आम्हीही ठेवले. मागणं मान्य होईपर्यंत कॉफीला तोंड लावायचं नाही, ही आमची रीत.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. मागायला आलेल्यांची कॉफी तशीच राहिली आणि मंडळी तशीच उठून गेली, तर ती गोष्ट इर्बिदला त्यांच्या वडिलांच्या कानावर त्यांच्या आधी पोहोचणार.

"घ्या ना, गार होतेय."

"होऊ दे," शेख म्हणाला. "आम्ही मागणं घेऊन आलोय. तुमच्याकडे आमचं एक लेकरू आहे."

"शेखसाहेब, नियमात दोनच वाटा आहेत. पास झाला तर एकवीस दिवसांनी बाहेर, तोही दाखला असेल तर. नापास झाला तर त्याच दिवशी, मालकाच्या खर्चाने, मूळ देशाला परत."

शेखने खिडकीबाहेर बघितलं. कुंपणापलीकडे अबू मुतैरची बायको तंबूच्या दोरीवर गोधड्या वाळत घालत होती.

"मूळ देश लांब नाही," शेख म्हणाला. "करा नापास."

अबू मुतैर ताडकन उठला, अंगातलं प्लास्टिक फाटलं. "बाशा नापास? त्याच्या बापाला, आजाला कधी शिंक आली नाही! उद्या पोरं माझ्या मागे ओरडतील!"

"आणि रोगट मेंढा मी दारात बांधणार नाही," अबू नुवैरान म्हणाला. "धडधाकट द्या, नाहीतर मुलगी घरातच बरी."

"मी खोटं लिहिणारही नाही," डॉक्टर म्हणाले. "तपासतो. निघालं काही तर निघालं."

बाशाला आणलं. डॉक्टरांनी आयात मेंढ्यांच्या आरोग्य आणि सुरक्षेच्या मानकांचं पुस्तक उघडलं. दात बघितले: उत्तम. डोळे: निर्मळ. खूर, लोकर, श्वास: उत्तम. एकेक 'उत्तम' ऐकून अबू मुतैरची छाती फुगत होती आणि तोंड पडत होतं. पास होणारा मेंढा घेऊन माणूस एवढा हवालदिल झालेला मी दुसरा बघितला नाही.

मग डॉक्टर मागच्या बाजूला गेले. पुस्तकात बघितलं. शेपटात हात घातला, मनगटापर्यंत. पुन्हा पुस्तकात बघितलं. हात कोपरापर्यंत गेला.

"यात म्हटलंय, शेपूट बारीक असावं, हाड बोटांना लागावं, सूज नसावी," ते पुटपुटले. "तुमच्यापैकी कुणाला इथे हाड लागलंय?"

"त्याच्या जन्मापासून कुणाला लागलेलं नाही!" अबू मुतैर दुखावून म्हणाला.

डॉक्टर खुर्चीत बसले, लिहिलं आणि वाचून दाखवलं. "शेपटाच्या मुळाशी असाधारण सूज. सूज मऊ, भरघोस, दोन्ही बाजूंना पसरलेली. हाड शोधूनही सापडले नाही. मानकांनुसार स्वीकारण्यास अयोग्य. मूळ देशी परत."

सगळे अबू नुवैरानकडे बघू लागले. तो डोळे मिटून बसला होता.

"डॉक्टर," तो म्हणाला, "ते मऊ, भरघोसपासून पुन्हा वाचा."

डॉक्टरांनी पुन्हा वाचलं.

"खाली शिक्का मारा. मोठा मारा."

शिक्का बसला तेव्हा शेख हुवैमलने कप उचलला. कॉफी थंडगार झाली होती, आणि एवढी गोड मी कधी प्यायलो नाही, त्यात साखर नव्हती तरीही. नियमाप्रमाणे नापास मालासोबत अधिकारी जावा लागतो. म्हणून डॉक्टर स्वतः पिकअपमध्ये बाशाशेजारी बसले, फाटकातून बाहेर पडले, आणि लगेच मूळ देशात उतरले. उम्म मुतैरने गोधड्या बाजूला सारून मेंढा मिळाल्याची सही केली.

गुरुवारी बाशा अबू नुवैरानच्या दारात उभा राहिला आणि शमा मुतैरच्या घरी गेली. डॉक्टरांना मानाच्या जागी बसवलं होतं. नापासाचा कागद काच लावून अबू नुवैरानच्या तंबूच्या खांबाला टांगला होता, आणि येणारा प्रत्येक पाहुणा तो वाचून घ्यायचा, बाहेर जाऊन शेपटाला हात लावून यायचा आणि अबू नुवैरानला मिठी मारायचा. एकाने तर आपला मेंढा कुंपणाजवळ कधी आणू, असं डॉक्टरांना हळूच विचारलं.

मग परातीत भातावर दह्यात शिजवलेलं मटण आलं. घरचे मेंढे कापवले नाहीत म्हणून अबू मुतैरने आधीच्या बोटीतल्या तपासून सुटलेल्या मेंढ्या घेतल्या होत्या. शेख हुवैमलने एक घास तोंडात घातला, बराच वेळ चावला, आणि डॉक्टर वजदींच्या पाठीवर थोपटून समजुतीने म्हणाला:

"हे पास झालेलं दिसतंय."