बुधवारचं वजन

पिशवीचे दोन्ही कान रोहिणीनं वजनकाट्याच्या हुकात अडकवले आणि काटा डोळ्यांसमोर धरला. कडेवरच्या दिशानं लगेच पिशवीकडे हात टाकला.

"अं हं, छी आहे ते," म्हणत तिनं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. वजन मागच्या बुधवारपेक्षाही जास्त भरलं होतं.

"भरलं का?" उंबऱ्यात बसलेल्या चंद्रभागाबाईंनी विचारलं. पोराचा निकाल विचारावा तसं.

"भरलं की, आजी."

"मंग बस. च्या टाकते. पोरीपुरतं दूध हाय."

आपल्या वेष्टनांच्या कचऱ्याची जबाबदारी कंपन्यांनीच घ्यायची, असा नियम आल्यापासून भगूरच्या या गल्लीत एका कंपनीचा प्रयोग चालला होता. किराणा दुकानात तेल, साबण, शाम्पू घरच्या बाटलीत भरून मिळायचं. त्यानं घरोघरचं प्लॅस्टिक खरंच उतरतं का, हे एक संस्था मोजत होती आणि त्या संस्थेसाठी रोहिणी दर बुधवारी घरोघरच्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांचं वजन घेत फिरत होती. तोफखान्यातल्या नवऱ्याची, जीवनची, तुकडी सीमेवर गेल्यापासून देवळाली कॅम्पातल्या दोन खोल्यांत ती आणि दिशा, दोघीच. बुधवार सोडला तर मोठ्या माणसाशी बोलणं फोनवर, तेही जीवनला रेंज असली तर.

सकाळी संस्थेतून ज्ञानेश सरांचा फोन आला होता.

"मॅडम, आजची शेवटची फेरी. शुक्रवारी काटा जमा करा. आणि ते चंद्रभागाबाईंचं घर बघा जरा. अख्ख्या गल्लीचं उतरतंय आणि एकट्या बाईचं चढतंय? म्हातारी रोज पार्टी करते की काय?"

तेव्हा ती हसली होती. आता दिशाला खाली ठेवून तिनं पिशवी वर्तमानपत्रावर रिकामी केली. नूडल्सची पाकिटं. वेफर्स. डायपरचं मोठं वेष्टन, दिशाला लागतं त्याच मापाचं. आणि त्याखाली बिस्किटाचा एक कागद, मधोमध गाठ मारलेला.

रोहिणीनं तो उचलला. रिकाम्या कागदाला गाठ मारायची सवय तिचीच. दिशा रांगायला लागल्यापासूनची. तुकडा फाटला, तोंडात गेला, घशात अडकला तर? मागच्या बुधवारी दिशाला बिस्किट देऊन हा कागद तिनं गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. नीट आत पडला ना, हे वाकून पाहिलंही होतं.

चंद्रभागाबाई कप घेऊन दारात आल्या आणि तिथंच थांबल्या.

"आजी, तुमच्याकडं डायपर कोण वापरतं?"

"शेजारच्या उज्वलाच्या नातवाचं हे ते." कप खाली ठेवताना थोडा चहा सांडला. "तिनं दिलं. मैनानं बी दिलं. म्हनलं, तुमच्या पिशवीत टाकन्यापरीस मला द्या. थोडं डब्यातलं बी आणलं."

"पण का?"

"समोरच्या नवसाबाईची पिशवी दोनदा रिकामी निघाली, अन् तू तिच्याकडं यायचीच बंद झाली. मी हितं बसून बघत व्हते ना."

नवसाबाई गंगापूर रोडला लेकीकडे राहायला गेल्या होत्या. त्यांच्या घराला कुलूप होतं.  पण ते न सांगता रोहिणी गुडघ्यांवर बसली आणि एकेक कागद बाजूला काढत गेली. दुधाच्या पिशव्या आणि चहापत्तीचा पुडा, एवढंच मागे उरलं. खंडेराव, बाईंचा मुलगा, बायकोपोरांना घेऊन नाशकात मार्केट यार्डाजवळ राहायला गेल्यापासून या घरात एवढंच येत होतं.

तिनं तेवढंच काट्याला लावलं. काटा जागचा हलला न हलला.

"एवढंच व्हय माझं?"

"एवढंच."

तिथूनच तिनं ज्ञानेश सरांना फोन लावला. "सर, गल्लीतलं प्लॅस्टिक कमी झालेलं नाही. बायका आपलं प्लॅस्टिक या एका घरी देत होत्या. सगळं मिळून जवळजवळ पहिल्याइतकंच आहे."



"मॅडम, असं लिहिलं तर पुढच्या गल्ल्या आपल्याला मिळतील की नाही, सांगता येत नाही."

"तरी तसंच लिहा, सर."

फोन ठेवला तेव्हा चहावर साय धरली होती. आणि मग तिच्या लक्षात आलं, इतका वेळ दिशा कुठं आहे हे आपण पाहिलंच नाही. ती एकदम वळली. दिशा चंद्रभागाबाईंच्या मांडीवर बसून त्यांच्या हातातल्या वाटीतलं दूध पीत होती.

"मंग आता पिशवी बंद?" बाईंनी वाटीवरची नजर न उचलता विचारलं.

"बंद कशी? कमी भरलं तरी वजन घ्यावंच लागतं, आजी. पुढच्या बुधवारी येते. पण फक्त तुमचंच हवं. दुसऱ्याचा एक कागदही घ्यायचा नाही."

"नाय घेत. शप्पथ."

संस्थेचा काटा शुक्रवारी जमा करायचा होता. बसथांब्याकडे जाताना ती बाजारातल्या भांड्यांच्या दुकानाशी थांबली.

"हुकाचा काटा आहे का? लहान?"

"किती किलोपर्यंतचा देऊ?"

"किलोचा नको. अगदी हलकं दाखवेल असा."

"सोनं मोजताय की काय, ताई?" दुकानदार हसला आणि एक काटा काढून त्यानं समोर धरला.

दिशानं त्याचा हूक मुठीत पकडला. एरवी रोहिणीनं तो लगेच सोडवून घेतला असता.